पूर चढतोय, दुकानासमोर रांग लागलीय; किराणा दुकानदाराने गिऱ्हाईक कसं सांभाळावं?

शिरोळ : राजाराम बंधाऱ्यावर पंचगंगा ३९ फुटांवर गेली की इशारा पातळी आणि ४३ फुटांवर गेली की धोका पातळी. हे दोन आकडे जिल्ह्यातल्या शाळकरी पोरांनाही पाठ आहेत. नदीकाठच्या गावातल्या किराणा दुकानदाराला मात्र पुराची खबर आधी काउंटरवरच लागते. एरवी अर्धा किलो साखर नेणारं गिऱ्हाईक अचानक पाच किलो मागतं, मेणबत्त्यांचा पुडाच्या पुडा उचलतं आणि जाता जाता सांगून जातं, "उद्यापासनं गाडी येणार न्हाय म्हणं." पुढच्या तासाभरात दुकानासमोर रांग लागलेली असते.

ही भीती उगीच नाही. ऑगस्ट २०१९ आणि जुलै २०२१ या दोन्ही महापुरांत पंचगंगेचं पाणी ५५ फुटांच्या वर गेलं. २०१९ मध्ये पुणे-बेंगळुरू महामार्ग शिरोलीजवळ कित्येक दिवस बंद होता. रस्ता बंद झाला की कोल्हापूर, सांगलीच्या बाजारातून माल येत नाही आणि दुकानात आहे तेवढ्यावरच गावाला दिवस काढावे लागतात. दुधाची तर वेगळीच तऱ्हा होते. गोठ्यात दूध आहे, पण संकलनाची गाडी नाही, म्हणून गावात दुधाचं काय करायचं हा प्रश्न. तिकडे शहरात पिशवी मिळत नाही.

अशा वेळी माल संपतो कसा, हे एका हिशेबाने समजून घेऊ. समजा, दुकानात साखरेची ५० किलोची दोन पोती आहेत. एकेक किलो दिली तर १०० घरांना पुरते. पण रांगेतल्या पहिल्या २० जणांनी पाच-पाच किलो नेली, तर एकविसाव्या माणसाला दुकान रिकामं. साखर तेवढीच होती, फक्त वाटप चुकलं. आणि रांगेत मागे असतं कोण? दिवसभर जनावरं उंचावर हलवणारा शेतकरी, संध्याकाळी हातात पैसे पडल्यावरच बाजार करणारी मजूर बाई, घरात एकटी राहणारी म्हातारी. पहिल्या तासात धावत येतो तो बहुतेक वेळा मोटारसायकल आणि रोख रक्कम असलेला माणूस.

म्हणून मर्यादा घालावी, आणि ती रांग लागायच्या आत घालावी. अर्धा माल गेल्यावर "आता एकच किलो मिळंल" म्हटलं की भांडण ठरलेलं. पुठ्ठ्यावर मोठ्या अक्षरात लिहून दारात लावावं : साखर किती, तेलाच्या पिशव्या किती, मेणबत्त्या किती. दर घराला सरसकट एकच माप लावणंही बरोबर नाही. बारा माणसांच्या खटल्याला आणि नवरा-बायको दोघांच्या घराला सारखी साखर कशी पुरेल? इथे गावचा दुकानदार शहरातल्या मॉलच्या पुढे आहे. कुणाच्या घरी किती खाणारी तोंडं आहेत, कुणाकडे बाळंतीण आहे, हे त्याला विचारावं लागत नाही. लहान बाळांची दूध पावडर, ओआरएसची पाकिटं, मीठ, काडेपेटी यांचा थोडा साठा ज्यांना खरंच गरज आहे त्यांच्यासाठी बाजूला ठेवावा आणि तसं उघड सांगावं. मागच्या दाराने भावकीला पोतं गेलेलं एकाने जरी बघितलं, तरी पुढची रांग दुकानदाराचं काही ऐकत नाही.

भावाबाबत कायदा स्पष्ट आहे. पाकीटबंद मालावर छापलेल्या किमतीपेक्षा एक रुपयाही जास्त घेता येत नाही. गाडी फिरून आली, होडीतून माल आणला, हमाली दुप्पट पडली, यातलं कुठलंही कारण त्याला चालत नाही. सुट्या ज्वारी-तांदळावर छापील किंमत नसते, तिथे भाव वाढू शकतो. घाऊक बाजारातच महाग मिळालं असेल तर पावती गिऱ्हाइकापुढे ठेवावी, म्हणजे तोंडी वाद वाढत नाही. "साखर पाहिजे तर चहापूडही घ्यावी लागंल" ही सक्ती तर ग्राहक संरक्षण कायदा २०१९ नुसार प्रतिबंधात्मक व्यापार प्रथेतच मोडते. ग्राहकाला तक्रार करायची असेल तर राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनचा १९१५ हा क्रमांक आहे.

अफवेचा बंदोबस्त काउंटरवरूनच करता येतो. नोव्हेंबर २०१६ मध्ये मिठाचा तुटवडा झाल्याची अफवा उत्तर प्रदेश, दिल्लीकडे पसरली आणि लोक दुकानांवर तुटून पडले. मीठ मुळात संपलेलंच नव्हतं. दुकानदाराने "आता काय सांगता येत न्हाय बघा" असं म्हटलं की गिऱ्हाईक त्याचा अर्थ "संपलं" असाच घेतं. त्यापेक्षा मोजून सांगावं : तेलाचे सहा बॉक्स आहेत, पुढची गाडी रस्ता उघडल्यावर. नसेल तर नाही म्हणावं. आत ठेवून नाही म्हटलेलं मात्र गावात लपत नाही.

खरी अडचण होते ती पैशांची. वीज जाते, टॉवर बंद पडतात आणि काउंटरवरचा क्यूआर कोड नुसता कागद उरतो. नेटवर्क येऊन-जाऊन असेल तेव्हा तर जास्त घोळ. गिऱ्हाइकाच्या खात्यातून पैसे कापले जातात, दुकानदाराला मेसेज येत नाही. "माझं गेलंत की!" "माझ्याकडं आलंच न्हाईत!" यात दोघंही खरं बोलत असतात. दुकानाच्या क्यूआरवर भरलेली आणि दुकानदाराला न पोहोचलेली रक्कम पाच दिवसांच्या आत आपोआप परत करावी, असा रिझर्व्ह बँकेचा नियम आहे. त्यामुळे माल अडवून न ठेवता नाव, रक्कम, वेळ वहीत टिपून ठेवावी आणि नेटवर्क आल्यावर दोघांनी मिळून तपासावं. रोख सुटे पैसे पाऊस वाढायच्या आधीच गोळा केलेले बरे. इलेक्ट्रॉनिक काटा चार्ज करून ठेवावा.

पाणी ओसरल्यावर दुसरी परीक्षा असते. भिजलेला माल स्वस्तात मागणारे येतात आणि मोह दुकानदारालाही होतो. पण पुराच्या पाण्यात गटार, मेलेली जनावरं, शेतातली औषधं सगळंच मिसळलेलं असतं. भिजलेला गहू-तांदूळ उन्हात वाळवला तरी त्यावरच्या बुरशीचं विष जात नाही, दळून भाकरी-चपाती भाजली तरी ते पुरतं नष्ट होत नाही. बिस्किटाचं पाकीट वरून कोरडं दिसलं तरी पाण्यात बुडालेलं असेल तर ते विकू नये. असा माल वेगळा काढून, फोटो घेऊन, पंचनामा होईपर्यंत तसाच ठेवावा. कुणी "जनावरांना घालतो" म्हणून मागितला तरी देऊ नये. बुरशी जनावरालाही बाधते आणि दुधातही उतरते.

राहिली उधारी. पुराच्या आठवड्यात ती थांबवता येत नाही, कारण रोजगार बंद असतो आणि निवारा केंद्रात गेलेल्या कुटुंबाकडे कपड्यांखेरीज फारसं काही नसतं. मात्र चिठोऱ्यांवर लिहू नये. पुराची उधारी वेगळ्या पानावर घ्यावी, घेणाऱ्याची सही किंवा अंगठा तिथल्या तिथे घ्यावा आणि वसुली पहिली मजुरी हातात पडेपर्यंत लांबवावी. वही प्लास्टिकच्या पिशवीत गुंडाळून माळ्यावर ठेवावी. काउंटरच्या खणात नको, पाणी आधी तिथेच शिरतं.