दवाखाना किती लांब? गावाने आपले गणित मांडावे

जनगणनेच्या जिल्हा पुस्तिकेत प्रत्येक गावाचा हिशोब एका ओळीत मांडलेला असतो. घरे किती, माणसे किती, एसटी येते का, रेल्वे स्टेशन व दवाखाना किती लांब. सोय गावात नसेल तर अंतराच्या खुणा तीनच: पाच किलोमीटरच्या आत, पाच ते दहा आणि दहाच्या पुढे. म्हणजे दवाखान्यापासून अकरा किलोमीटरवरचे गाव आणि चाळीस किलोमीटरवरचा तांडा कागदावर सारखेच! अडलेल्या बाळंतिणीला मात्र ते सारखे नसतात.

2011 च्या जनगणनेत नांदेड जिल्ह्याची लोकसंख्या 33 लाख 61 हजार, तर लातूरची 24 लाख 54 हजार होती. दर चारांपैकी जवळजवळ तिघे खेड्यात राहणारे. सरकारी निकषाप्रमाणे 5 हजार वस्तीला एक उपकेंद्र व 30 हजारांना एक प्राथमिक आरोग्य केंद्र असावे. किनवट-माहूरसारख्या डोंगराळ, आदिवासी भागात हेच आकडे 3 हजार व 20 हजार आहेत. परंतु हा निकष माणसे मोजतो, वाट मोजत नाही.

आता आपल्या गावाचे गणित मांडू. समजा, वस्ती दोन हजारांची आहे. राज्यातील जन्मदर हजारी सुमारे 15 धरला तर वर्षाला तीस बाळंतपणे होतील. शंभरातल्या सुमारे पंधरा गरोदर स्त्रियांना गंभीर अडचण येऊ शकते, असे वैद्यकशास्त्र मानते. म्हणजे दरवर्षी गावातल्या चार-पाच लेकी-सुनांना तातडीने मोठ्या दवाखान्यात न्यावे लागणार. त्या कोण, हे आधी सांगता येत नाही. म्हणून तयारी सगळ्यांसाठीच हवी.

उशीर तीन ठिकाणी होतो. न्यायचे की नाही हे ठरवण्यात, वाटेत आणि दवाखान्यात पोचल्यावर उपचार मिळण्यात. पैकी पहिले दोन बऱ्याच अंशी गावाच्या हाती आहेत. बाळंतपणानंतरचा जबर रक्तस्राव काही तासांत जीव घेतो. अशा वेळी "सकाळची मुक्कामी गाडी सुटली की नेऊ" हा विचार घातक ठरतो.

पावसाळ्यात तर मांजरा, तेरणा, मन्याड, पैनगंगा या नद्या आणि त्यांचे ओढे वाट अडवतात. ऑगस्ट 2025 मध्ये मुखेड तालुक्यातील हसनाळसारख्या गावांना पाण्याने वेढले, ते आपण पाहिलेच. ज्यांच्या वाटेवर बुडणारा पूल आहे, त्यांनी दिवस भरत आलेल्या बाईला आठवडाभर आधीच दवाखान्याजवळच्या नातलगांकडे ठेवावे.

2014 पासून राज्यात 108 क्रमांकाची रुग्णवाहिका आहे. गरोदर माता व आजारी अर्भकांसाठी 102 ची मोफत सोय आहे. फोन करताना गावाबरोबर तालुका, फाटा व ठळक खूण सांगावी. एकाच नावाची गावे अनेक असतात.

वाचकहो, ग्रामपंचायतीने एवढे अवश्य करावे:

1. आशाताईंकडून गरोदर महिलांची यादी व प्रसूतीच्या अपेक्षित तारखा घ्याव्यात.

2. जीप, टमटमवाल्यांचे फोन क्रमांक चावडीवर व शाळेच्या भिंतीवर लिहावेत. रात्री कोण येईल, हे आधीच ठरवावे.

3. सिझेरियन व रक्ताची सोय असलेला जवळचा दवाखाना कोणता आणि तिथे पोचायला रात्री किती वेळ लागतो, ते प्रत्यक्ष जाऊन पाहावे.

4. सर्पदंशावरची लस कोठे मिळते, याची चौकशी पेरणीपूर्वीच करावी. साप चावल्यास आवळून बांधू नये, चिरा देऊ नये. चावलेला भाग हलू न देता थेट दवाखाना गाठावा.

2021 ची जनगणना लांबल्यामुळे पुस्तिकेतले आकडे जुने झाले आहेत. मात्र आपल्या वाडीवरून दवाखान्यात पोचायला किती मिनिटे लागतात, हे मोजायला कुणाची वाट पाहावी लागत नाही. येत्या ग्रामसभेत हा विषय जरूर मांडा.