हौसेचे मोल

हौसेला मोल नाही, असे म्हणतात. परंतु लहान होडी घेऊन मांडवीच्या मुखाशी गळ टाकणाऱ्याने मोल जाणलेच पाहिजे, कारण ते प्राणांचे आहे. पावसाळ्यात तेथे वाळूचा दांडा साचतो. म्हणूनच जुन्या काळी त्या दिवसांत जहाजे मुरगावचा आश्रय घेत. बाहेर धावणारी ओहोटी आत येणाऱ्या लाटेवर आदळली की होडी उलटण्यास एक क्षण पुरतो. अमावास्या-पौर्णिमेच्या उधाणात हा धोका अधिक. तेव्हा परतावे ते भरतीची वेळ पाहूनच. लाइफ जॅकेट अंगात असावे. मासा ओढताना होडीत उभे राहू नये. नारळी पौर्णिमेपर्यंत समुद्रात न जाण्याच्या पूर्वापार प्रथेत श्रद्धेइतकाच पिढ्यांचा अनुभवही आहे. हौशी मंडळींनी निदान तो तरी शिरोधार्य मानावा.