स्लीव्ह की बायपास? वजन कमी करण्याचं ऑपरेशन निवडताना ॲसिडिटीचा प्रश्न आधी का विचारायचा?

फेब्रुवारी २०१७ मध्ये इजिप्तच्या इमान अहमदला मालवाहू विमानातून मुंबईत आणलं गेलं. तेव्हा तिचं वजन सुमारे ५०० किलो असल्याचं सांगितलं जात होतं. मार्चमध्ये सैफी हॉस्पिटलमध्ये तिचं ऑपरेशन झालं. त्याआधी सप्टेंबर २०१४ मध्ये तेव्हाचे अर्थमंत्री अरुण जेटली यांच्यावर दिल्लीत शस्त्रक्रिया झाली होती. त्यांना बऱ्याच वर्षांपासून डायबिटीस होता. बातम्यांमध्ये दोन्ही ऑपरेशन्सना एकच नाव मिळालं, 'वजन कमी करण्याची शस्त्रक्रिया'. प्रत्यक्षात इमानची झाली ती स्लीव्ह आणि जेटलींची बायपास. या दोन्हींत पोटात केलं जाणारं काम वेगळं आहे आणि नंतरची वर्षंही वेगळी जातात.

(लायपोसक्शनचा या विषयाशी संबंध नाही. त्यात कातडीखालची चरबी ओढून काढतात, पचनसंस्थेला हात लावत नाहीत.)

पोटात नेमकं काय बदलतं?

स्लीव्ह गॅस्ट्रेक्टॉमीत जठराचा साधारण ७५ ते ८० टक्के भाग कापून काढून टाकतात. उरते ती केळ्यासारखी अरुंद नळी. त्यामुळे थोडं खाल्लं तरी पोट भरतं. शिवाय भूक वाढवणारं घ्रेलिन हे हार्मोन मुख्यतः कापलेल्या भागात तयार होतं, म्हणून भूकही कमी लागते. आतड्याला धक्का लागत नाही. पण काढलेला भाग परत जोडता येत नाही.

गॅस्ट्रिक बायपासमध्ये जठराच्या वरच्या टोकाला अंड्याएवढी छोटी पिशवी तयार करून ती थेट लहान आतड्याला जोडतात. उरलेलं जठर पोटातच राहतं, फक्त त्यात अन्न जात नाही. आतड्याचा सुरुवातीचा भागही वगळला जातो. त्यामुळे हार्मोन्स बदलतात आणि अनेकांची साखर वजन उतरण्याआधीच, काही दिवसांत सुधारू लागते.

तिसरा पर्याय म्हणजे मिनी बायपास. अमेरिकेतले सर्जन रॉबर्ट रटलेज यांनी १९९७ मध्ये तो सुरू केला आणि भारतात तो बराच रुळला. नेहमीच्या बायपासमध्ये आतडं दोन ठिकाणी जोडावं लागतं, यात एकाच ठिकाणी.

जठराभोवती बसवायचा बँड आता मागे पडला आहे. बलून हे ऑपरेशन नाही. तो साधारण सहा महिन्यांनी काढतात आणि नंतर वजन पुन्हा वाढू शकतं.

जास्त वजन कशाने उतरतं?

हॉस्पिटलच्या जाहिराती याच प्रश्नाभोवती फिरतात. फिनलंडमध्ये 'स्लीव्हपास' नावाचा अभ्यास झाला. त्यात २४० जणांना चिठ्ठ्या टाकल्यासारखं स्लीव्ह आणि बायपास अशा दोन गटांत वाटलं गेलं. दहा वर्षांनंतरचे निष्कर्ष २०२२ मध्ये आले. स्लीव्हच्या गटात जादा वजनापैकी सुमारे ४४ टक्के उतरलेलं होतं, बायपासच्या गटात सुमारे ५१ टक्के. जादा वजन म्हणजे एखाद्याचं योग्य वजन ६५ किलो आणि प्रत्यक्षातलं ११५ असेल, तर वरचे ५० किलो. म्हणजे दहा वर्षांनी एकाचे सुमारे २२ किलो कमी, दुसऱ्याचे २५. ही गटाची गोळाबेरीज आहे. प्रत्येक गटात जवळजवळ काहीच न उतरलेले लोकही होते.

डायबिटीसचं काय? अनेक सर्जन अशा वेळी बायपासकडे झुकतात. पण या अभ्यासात डायबिटीस पूर्ण आटोक्यात येण्याच्या प्रमाणात दोन गटांमध्ये ठोस फरक दिसला नाही. आजार किती जुना आहे आणि इन्सुलिन सुरू झालंय का, याचाही निकालावर मोठा परिणाम होतो.

मग खरा फरक कुठे आहे?

ॲसिडिटीत. त्याच फिनिश अभ्यासात दहा वर्षांनी एंडोस्कोपी केली, तेव्हा स्लीव्ह झालेल्या ३१ टक्के लोकांच्या अन्ननलिकेला ॲसिडमुळे सूज होती. बायपासमध्ये ७ टक्के. स्वित्झर्लंडमधल्या 'एसएम-बॉस' अभ्यासात ज्यांना आधीपासून ॲसिड वर येण्याचा त्रास होता, त्यांच्यातल्या ३१.८ टक्के लोकांचा त्रास स्लीव्हनंतर पाच वर्षांत वाढला. बायपासनंतर वाढलेले ६.३ टक्के. उलट बायपास झालेल्या ६० टक्के लोकांचा त्रास गेलाच.

कारण समजायला सोपं आहे. अरुंद नळीत दाब जास्त असतो आणि तिच्या खालच्या टोकाची झडप तशीच असते. आतलं ॲसिड वरच्या बाजूला जाऊ लागतं. बायपासच्या छोट्या पिशवीत ॲसिड फार कमी तयार होतं.

आपल्याकडची अडचण अशी की ॲसिडिटीला कोणी आजारच समजत नाही. 'मला जरा पित्त होतं' असं म्हणून लोक मेडिकलमधून गोळी किंवा पावडर आणतात आणि कामाला लागतात. सर्जनने 'काही आजार?' विचारलं की बीपी, शुगर, थायरॉईड सांगितलं जातं आणि रोज सकाळची पित्ताची गोळी सांगायची राहते. ती सांगायलाच हवी. रात्री घशाशी आंबट येतं का, उशी उंच घ्यावी लागते का, हेही. ऑपरेशनआधी एंडोस्कोपी होणार आहे का, हे रुग्णाने स्वतःहून विचारावं. स्लीव्हनंतरची जळजळ औषधांनी थांबली नाही, तर त्याचं बायपास करावं लागतं. म्हणजे दुसरं ऑपरेशन, दुसरा खर्च.

म्हणजे सरळ बायपासच करावा?

नाही. लोह मुख्यतः आतड्याच्या सुरुवातीच्या भागात शोषलं जातं आणि बायपासमध्ये नेमका तोच भाग वगळलेला असतो. ज्या बाईचं हिमोग्लोबिन आधीच कमी आहे किंवा जी व्यक्ती शाकाहारी असून बी-१२ काठावर आहे, तिच्यासाठी हा मोठा मुद्दा आहे. लोह, बी-१२, कॅल्शियम, व्हिटॅमिन डीच्या गोळ्या आणि ठराविक काळाने रक्ततपासणी आयुष्यभर. स्लीव्हनंतरही हे सगळं लागतं, पण बायपासनंतर गोळ्या सोडल्या तर फटका जास्त बसतो.

गुडघेदुखीसाठी डायक्लोफिनॅक, आयबुप्रोफेनसारख्या गोळ्या नेहमी घेणाऱ्यांनी विशेष सावध राहावं. बायपासच्या जोडावर त्यांनी अल्सर होऊ शकतो. सिगारेट-विडीनेही होतो. गोड खाल्ल्यावर घाम, धडधड, जुलाब असा 'डंपिंग'चा त्रास काहींना होतो. आणि कित्येक वर्षांनीसुद्धा आतडं आत अडकून अचानक पोटात जीवघेणी कळ येऊ शकते. अशा वेळी 'गॅस झाला असेल' म्हणत थांबायचं नसतं.

मिनी बायपासची तुलना फ्रान्समधल्या 'योमेगा' अभ्यासाने नेहमीच्या बायपासशी केली. दोन वर्षांत वजन तेवढंच उतरलं, पण जुलाब आणि कुपोषणाच्या तक्रारी मिनीमध्ये जास्त दिसल्या. त्यात पित्तरस पिशवीत उलटा येण्याची शक्यताही असते.

मूल हवं असणाऱ्या स्त्रियांना कोणत्याही ऑपरेशननंतर साधारण १२ ते १८ महिने थांबायला सांगतात. बायपासनंतर गर्भनिरोधक गोळ्यांवर विसंबणं योग्य नाही, दुसरं साधन लागतं.

इन्शुरन्स कधी मिळतो?

इथे एक फट आहे. २०२२ च्या आंतरराष्ट्रीय मार्गदर्शक सूचना आशियाई लोकांना बीएमआय २७.५ च्या वर असतानाच शस्त्रक्रियेचा पर्याय द्यावा असं सांगतात. विमा नियामक आयआरडीएआयच्या प्रमाणित अटींमध्ये मात्र बीएमआय ४० किंवा ३५ आणि सोबत गंभीर आजार, उदाहरणार्थ आटोक्यात न येणारा टाइप २ डायबिटीस किंवा तीव्र स्लीप ॲप्निया, असं आहे. पाच फूट पाच इंच उंचीच्या माणसासाठी हिशेब केला तर डॉक्टरांच्या लेखी ७५ किलोच्या आसपास विचार सुरू होतो, इन्शुरन्सच्या लेखी ९५ किंवा १०९ किलोला. वजन, उंची आणि आधी करून पाहिलेल्या उपचारांचे कागद फाईलला असलेले बरे.

सर्जनला आणखी एक प्रश्न विचारायला हरकत नाही: तुमच्याकडे कोणतं ऑपरेशन जास्त होतं? एखाद्या ठिकाणी जवळजवळ सगळ्यांना स्लीव्हच सुचवली जात असेल, तर ती आपल्याला का सुचवली, हे एंडोस्कोपीचा रिपोर्ट समोर ठेवून समजून घ्यावं. उत्तर पटलं नाही तर तोच रिपोर्ट घेऊन दुसऱ्या सर्जनचं मत घ्यावं.