सुभद्रा चालत गेली

‘संगीत सौभद्र’ मी प्रथम पाहिले ते लहानपणी, कोल्हापूरच्या केशवराव भोसले नाट्यगृहात, आजोबांच्या शेजारी बसून. अण्णासाहेब किर्लोस्करांचे हे १८८२ सालचे नाटक घेऊन एक फिरती मंडळी आली होती.

घटोत्कच निद्रिस्त सुभद्रेला उचलून नेतो, तो प्रसंग आला. राक्षस निघाला काडीपैलवान आणि सुभद्रा चांगली भरदार! दोनदा प्रयत्न फसला. अखेर सुभद्राबाई मिटल्या डोळ्यांनीच उठल्या आणि राक्षसाचा हात धरून विंगेत चालत्या झाल्या. हसून हसून प्रेक्षकांची पुरेवाट झाली. मी मात्र हिरमुसलो.

आजोबा म्हणाले, “थांब रे. अजून तिचं गाणं आहे.”

पुढे तिने सूर लावला आणि तेच प्रेक्षक चिडीचूप झाले.

शाहू महाराजांच्या कारकिर्दीत, १९१५ साली उभे राहिलेले ते नाट्यगृह ८ ऑगस्ट २०२४ च्या रात्री आगीत जळाले. दुसऱ्या दिवशी केशवरावांची जयंती होती. सकाळी खासबागेच्या बाजूला माणसे मुकाट उभी होती. त्यांत मीही होतो.

वर्गात ‘सौभद्र’ शिकवताना मी आता आधी ही फजिती सांगतो. मुले खदखदून हसतात. मग मी म्हणतो, “थांबा रे. अजून तिचं गाणं आहे.”