युरोप पाहिला, वाचला किती?

उन्हाळ्याची सुट्टी जवळ आली की मुंबई-पुण्याच्या वृत्तपत्रांतून युरोपच्या सहलींच्या जाहिराती झळकू लागतात. बारा दिवसांत आठ देश, पंधरा दिवसांत अकरा शहरे, सोबत घरच्यासारखे जेवण आणि मराठी बोलणारा सहलप्रमुख, असे त्यांचे साधारण स्वरूप असते. एके काळी विलायतेचा प्रवास हा विद्यार्थी, व्यापारी आणि वरिष्ठ अधिकारी यांच्यापुरताच मर्यादित होता. परकीय चलनाच्या टंचाईमुळे सामान्य माणसाला केवळ हौसेखातर परदेशी जाणे जवळजवळ अशक्य होते. ती स्थिती आता पालटली आहे. रिझर्व्ह बँकेने २००४ साली सुरू केलेल्या उदारीकृत योजनेनुसार आज एका व्यक्तीला वर्षाकाठी अडीच लाख डॉलरपर्यंतची रक्कम परदेशी नेता वा पाठविता येते, आणि या योजनेखाली देशाबाहेर जाणाऱ्या पैशात गेल्या काही वर्षांत सर्वांत मोठा वाटा प्रवासाचाच आहे. निवृत्तीच्या वेळी हाती आलेल्या फंडातून शिक्षक वा कारकून सपत्नीक युरोप पाहून येतो, ही गोष्ट आता नवलाची राहिलेली नाही. ती स्वागतार्हच आहे.

प्रश्न निर्माण होतो तो परतल्यानंतर. शेजारीपाजारी आणि आप्तेष्ट जमतात, छायाचित्रे दाखविली जातात आणि हे चर्च कोलोनचे की प्रागचे, यावरून नवराबायकोत मतभेद होतात. बर्फ कोठे लागले, कोठल्या हॉटेलात चहा चांगला मिळाला, हे तपशील पक्के लक्षात असतात. पाहिलेली शहरे मात्र एकमेकांत मिसळून गेलेली असतात. तीस वर्षांच्या बचतीतून केलेला, बहुधा आयुष्यात एकदाच घडणारा हा प्रवास इतक्या लवकर पुसट का व्हावा? स्मरणशक्तीला किंवा वयाला दोष देऊन हा प्रश्न सुटत नाही.

गॉसेनचे शहर

कोलोनचे प्रचंड चर्च बहुतेक सहलींच्या मार्गावर असते. १२४८ साली सुरू झालेले त्याचे बांधकाम मध्ये काही शतके थांबून अखेर १८८० साली पूर्ण झाले. त्याचे जुळे मनोरे सुमारे १५७ मीटर उंच आहेत. याच शहरात हेर्मान गॉसेन नावाचा एक माजी सरकारी नोकर राहत होता. १८५४ साली त्याने अर्थशास्त्रावर एक ग्रंथ प्रसिद्ध केला. तो खपला नाही. निराश होऊन त्याने शिल्लक प्रती परत मागवून घेतल्या आणि १८५८ साली तो अप्रसिद्धच वारला. कोणतेही सुख सलग भोगत राहिले की त्याची गोडी कमी होत जाते आणि तेच सुख पुन्हा घेतले तर ती पहिल्याइतकी राहत नाही, हे त्या ग्रंथातील एक मुख्य सूत्र होते. घटत्या सीमांत उपयोगितेचा नियम म्हणून महाविद्यालयातील प्रत्येक विद्यार्थी आज तो पाठ करतो.

सहलीच्या बसमध्ये या नियमाचा प्रत्यय सहाव्या-सातव्या दिवशी येतो. पहिल्या चर्चपुढे यात्रेकरू थक्क होऊन उभा राहतो, तिसऱ्याची छायाचित्रे काढतो आणि पाचव्याच्या पायऱ्यांवर बसून बस केव्हा येते याची वाट पाहतो. यात त्याचा दोष नाही. त्याच्या दृष्टीने ती पाचही चर्चे म्हणजे एकाच वस्तूचे पाच नग असतात.

परंतु या नियमाला अपवादही आहे आणि तो आल्फ्रेड मार्शल यांनी १८९० सालच्या आपल्या सुप्रसिद्ध ग्रंथातच नोंदवून ठेवला आहे. चांगले संगीत जो जितके अधिक ऐकतो तितकी त्याची संगीताची आवड वाढण्याचाच संभव असतो, असे ते म्हणतात. याचे कारण असे की ऐकणारा मधल्या काळात पूर्वीचा राहिलेला नसतो. त्याचा कान तयार झालेला असतो. शहरे पाहण्याच्या बाबतीत डोळा तयार करण्याचे काम वाचन करते. ज्याने थोडे वाचलेले असते त्याला दुसरे चर्च हे पहिल्याची पुनरावृत्ती वाटत नाही. तो दोहोंत तुलना करतो, आणि तुलना आली की कंटाळा मागे पडतो.

दोन तासांचा हिशेब

पॅरिसचे लूव्र संग्रहालय घ्या. राजघराण्याच्या मालकीचा हा वाडा क्रांतीनंतर, १७९३ साली, सर्वसामान्यांसाठी संग्रहालय म्हणून खुला झाला. आज तेथे पस्तीस हजारांच्या आसपास वस्तू मांडलेल्या आहेत. प्रत्येकीपुढे अर्धा मिनिट थांबायचे म्हटले तर रोज आठ तास या हिशेबाने ३६ दिवसांहून अधिक काळ लागेल. सहलीच्या कार्यक्रमात लूव्रला दोन तास मिळतात, म्हणजे फार तर २४० वस्तू. निवड अटळ आहे. ती यात्रेकरूने केली नाही तर गर्दी करते, आणि गर्दी त्याला मोनालिसापुढे नेऊन सोडते. ७७ सेंटिमीटर उंचीचे ते चित्र असंख्य डोक्यांमधून ओझरते दिसते. दोन तासांपैकी बराच वेळ तेथेच संपतो. आधी चार पाने वाचून पाचच कलाकृती पाहायच्या असे ठरवून आलेला माणूस या गर्दीतूनही काहीतरी घेऊन बाहेर पडतो.

वाचनाचे सामर्थ्य याहूनही मोठे आहे, हे त्याच शहरातील नोत्र दाम चर्च सांगते. ११६३ च्या सुमारास सुरू झालेली ही वास्तू फ्रेंच राज्यक्रांतीनंतर मोडकळीस आली होती. १८३१ साली व्हिक्टर ह्यूगो यांची तिच्यावरील कादंबरी प्रसिद्ध झाली. या कादंबरीतील एक धर्मगुरू छापील पुस्तक आणि चर्च यांच्याकडे आळीपाळीने पाहतो आणि पुस्तक या इमारतीला मारून टाकील, अशी भीती व्यक्त करतो. घडले मात्र उलटेच. कादंबरीने लोकमत जागे केले आणि १८४० च्या दशकात व्हियोले-ल-द्यूक यांच्या देखरेखीखाली जीर्णोद्धार सुरू झाला. १५ एप्रिल २०१९ रोजी लागलेल्या आगीत जो निमुळता कळस कोसळला तो मध्ययुगातील नव्हता. याच जीर्णोद्धारातील होता. डिसेंबर २०२४ मध्ये चर्च पुन्हा उघडले. पुस्तकाने वाचविलेली इमारत म्हणून जो तिच्याकडे पाहतो आणि जो केवळ यादीतील तिसरे स्थळ म्हणून पाहतो, ते दोघे शेजारी उभे असले तरी एकच वस्तू पाहत नसतात.

वेंगुर्ल्याची वखार

ॲम्स्टरडॅमच्या कालव्यांतून होडीने फेरी मारताना दोन्ही तीरांवर अरुंद, उंच घरे दिसतात. त्यांच्या माथ्यावर पुढे आलेली तुळई आणि तिला लोखंडी आकडा असतो. मालाची गाठोडी दोराने थेट माळ्यावर चढविण्याची ही सोय. घरे राहण्याची होती तशीच साठवणुकीचीही होती. हा माल येत होता कोठून? १६०२ साली स्थापन झालेल्या डच ईस्ट इंडिया कंपनीच्या जहाजांतून मसाले आणि कापड येथे उतरत असे. या कंपनीची एक वखार आपल्या वेंगुर्ल्यातही होती; तिचे अवशेष आजही तेथे उभे आहेत. वेंगुर्ल्याची वखार ज्याला ठाऊक आहे, त्या मराठी माणसाला ॲम्स्टरडॅमचे वैभव पाहताना भारावून जाण्याचे वा न्यूनगंड बाळगण्याचे कारण उरत नाही. त्या वैभवाचा एक धागा कोकणच्या किनाऱ्यापर्यंत येतो, हे त्याला दिसू लागते.

त्याच शहरात प्रिन्सेनग्राख्ट या कालव्याकाठी २६३ क्रमांकाचे घर आहे. जुलै १९४२ पासून ४ ऑगस्ट १९४४ पर्यंत ॲन फ्रँक ही ज्यू मुलगी कुटुंबियांसह त्याच्या मागील भागात लपून राहिली. अटकेनंतर खोल्यांतील सामान नेण्यात आले आणि वडील ओटो फ्रँक यांच्या इच्छेनुसार त्या रिकाम्याच ठेवण्यात आल्या. आत छायाचित्रे काढण्यास मनाई आहे. भिंतीवर चिकटविलेली नटनट्यांची चित्रे आणि मुलींची उंची नोंदविणाऱ्या पेन्सिलीच्या रेघा, एवढेच पाहायला मिळते. १९४७ साली प्रथम प्रसिद्ध झालेली तिची रोजनिशी मराठीतही उपलब्ध आहे. ती न वाचलेल्याला या ओस खोल्यांत पाहण्यासारखे फारसे काही नाही. वाचलेल्याला मात्र त्या रेघांपुढून पाय उचलणे जड जाते. लपण्याच्या जागेचा दरवाजा झाकण्यासाठी जे कपाट उभे केले होते, ते पुस्तकांचे होते.

बर्लिनमध्ये उंटर डेन लिंडेन या राजरस्त्यालगत विद्यापीठासमोर एक चौक आहे. त्याच्या फरसबंदीत काचेचा एक चौकोन बसविलेला आहे. पायाखाली पाहिले नाही तर तो सहज ओलांडून पुढे जाता येते. काचेखाली पांढऱ्या रंगाची रिकामी फडताळे आहेत. सुमारे वीस हजार पुस्तके मावतील एवढी. १० मे १९३३ च्या रात्री नाझी विद्यार्थ्यांनी येथे पुस्तकांची होळी केली. मिखा उलमान या शिल्पकाराने १९९५ साली हे स्मारक उभारले. ज्या विद्यापीठासमोर हे घडले त्याच विद्यापीठातून इरावती कर्वे यांनी त्यापूर्वी थोडीच वर्षे आधी डॉक्टरेट मिळविली होती. पुस्तके जाळणारे अडाणी नव्हते, महाविद्यालयात शिकणारे होते, ही गोष्ट शिक्षकी पेशातील प्रवाशाला अस्वस्थ केल्याशिवाय राहू नये.

वाचनासाठी गेलेला प्रवासी

मराठी माणसाच्या युरोपप्रवासाचा इतिहास वस्तुतः लेखनवाचनाशीच जोडलेला आहे. पंडिता रमाबाईंचे ‘इंग्लंडचा प्रवास’ १८८३ चे. अनंत काणेकरांचे ‘धुक्यातून लाल ताऱ्याकडे’ १९४० चे. अर्थशास्त्राचे प्राध्यापक असलेल्या गंगाधर गाडगीळांचे ‘साता समुद्रापलीकडे’ आणि पु. ल. देशपांडे यांची ‘अपूर्वाई’ ही दोन्ही त्यानंतरच्या दोन दशकांतली. एका पिढीने युरोप प्रथम पाहिला तो या पुस्तकांतून, गावच्या वाचनालयाच्या बाकावर बसून.

आणि या सर्वांत वेगळे उदाहरण डॉ. बाबासाहेब आंबेडकरांचे. १९२० ते १९२३ या काळात लंडनमध्ये त्यांचे दिवस ब्रिटिश म्युझियमच्या गोल घुमटाखालील वाचनालयात जात. पैशाची चणचण इतकी की जेवणातही काटकसर. रुपयाच्या प्रश्नावरील त्यांचा प्रबंध याच वास्तव्याचे फळ. लंडन विद्यापीठाने त्यांना १९२३ साली डी. एस्सी. ही पदवी दिली. किंग हेन्रीज रोडवरील ज्या घरात ते राहिले ते महाराष्ट्र शासनाने २०१५ साली विकत घेतले. लंडनला जाणाऱ्या मराठी प्रवाशाने तेथे अर्धा तास काढला तर राजवाड्यावरचा पहारा बदलताना पाहिला नाही, याची खंत त्याला वाटणार नाही.

यावर काही रास्त आक्षेप घेतले जातील. पासष्टीच्या जोडप्याला अनोळखी मुलखात स्वतःहून हिंडणे झेपत नाही. भाषा येत नाही, आहार मानवत नाही. सहलीमुळे सुरक्षितता मिळते. ज्या गृहिणीने आयुष्यभर इतरांच्या सोयी पाहिल्या तिने पंधरा दिवस निव्वळ मौज केली तर तिला ग्रंथांची यादी कोणी आणि का द्यावी? हे सर्व मान्य. सहल सोडावी असे कोणी म्हणत नाही. मात्र अकरा शहरांऐवजी पाचच शहरे दाखवा, असे ग्राहक बोलू लागले तर बाजार त्यांचे ऐकेल. बाजाराचा तो स्वभावच आहे. शहरांची संख्या हाच सहलीचा भाव ठरविण्याचा निकष मानला गेल्यामुळे आज प्रवासी अर्धे दिवस बसच्या खिडकीत घालवितो.

दुसरा आक्षेप अधिक खोल आहे. नोकरी, लोकलचा प्रवास, मुलांची शिक्षणे आणि घराचे हप्ते यांत वाचन केव्हाच सुटले. आता या वयात ते पुन्हा कसे जडावे? याचे उत्तर प्रवासातच आहे. वाचन आधीच व्हायला हवे असा काही दंडक नाही. पाहून आल्यावर वाचले तरी चालते. किंबहुना ते अधिक गोडीने होते. महाविद्यालयात असताना वाचलेली ‘अपूर्वाई’ तीस वर्षांनी, पॅरिस पाहून आल्यावर, पुन्हा हाती घ्यावी. तीच पाने, तेच विनोद. पण आता त्यांतल्या रस्त्यांवरून आपले पाय चाललेले असतात. ज्याला वाटत होते की आपले वाचन संपले, तो रात्री अकरापर्यंत दिवा मालवत नाही, असे घडू शकते.

आणि एकदा ही सवय परतली की ती युरोपपुरती राहत नाही. मुंबईचे छत्रपती शिवाजी महाराज टर्मिनस २००४ पासून, तर फोर्ट परिसरातील गॉथिक आणि मरीन ड्राइव्हकडील आर्ट डेको इमारती २०१८ पासून जागतिक वारशाच्या यादीत आहेत. जगभरचे प्रवासी त्या पाहायला येतात; रोज तेथूनच कचेरीला जाणारा कारकून मान वर करीत नाही. ठाण्याचे मराठी ग्रंथसंग्रहालय १८९३ सालचे, रत्नागिरीचे नगर वाचनालय तर १८२८ सालचे. १९६७ च्या ग्रंथालय कायद्यानंतर गावोगावी वाचनालये उभी राहिली. त्यांच्या कपाटांत प्रवासवर्णने आहेत, इतिहास आहेत, आणि त्यांना वाचकाची प्रतीक्षा आहे. सहलीच्या पैशाचा पहिला हप्ता भरण्यापूर्वी, किंवा परतल्यानंतरच्या पहिल्या रविवारी, तेथे एकदा जाऊन नाव नोंदवावे. सहलीच्या खर्चापुढे ही वर्गणी किरकोळ आहे, आणि तिच्यावाचून तो खर्च बव्हंशी वाया जातो.