मूतखडा कशाचा बनतो?

भंडारा हा तांदळाचा जिल्हा. भातातून पोटात गेलेल्या खड्याचाच मूतखडा होतो, अशी काहींची समजूत असते. ती खरी नव्हे. गिळलेला खडा मूत्रपिंडापर्यंत पोहोचतच नाही. मूतखडा शरीरातील द्रव्यांपासूनच बनतो. बहुतेक खड्यांत कॅल्शियम ऑक्झॅलेट असते. काहींत फॉस्फेट किंवा यूरिक आम्ल असते. हे आम्ल स्वीडनमधील रसायनशास्त्रज्ञ शेले यांनी १७७६ साली मूत्राशयातील खड्यातच शोधून काढले. जस्त, लोह, स्ट्रॉन्शियम यांचेही सूक्ष्म अंश खड्यांत आढळतात. उन्हाळ्यात घामावाटे पाणी निघून जाते, मूत्र दाट होते आणि त्यात विरघळलेली द्रव्ये स्फटिकरूपाने साचू लागतात. म्हणून मुलांनो, वैनगंगेकाठी भर उन्हात राबणाऱ्या वडीलधाऱ्यांना वेळोवेळी पाणी नेऊन देत जा आणि स्वतःही भरपूर पीत जा.