डायलॉगमधील घटकांना स्वतःचे रंग देणे (जीटीके 3)

उद्दिष्ट: डायलॉगमधील एका ठरावीक बटणाचा रंग बदलणे आणि त्यामुळे कोणाची अडचण होणार नाही हे तपासणे.

पार्श्वभूमी
आमच्या प्रयोगशाळेतील संगणकांवर बॉस लिनक्स आहे. डेबियनवर आधारलेली ही प्रणाली इथेच, सी-डॅकच्या चेन्नई केंद्रात तयार झाली. तिची पहिली आवृत्ती 2007 मध्ये आली. तिच्यावरील बरेच प्रोग्रॅम जीटीके वापरतात.

गेल्या सत्रात एका गटाने नोंद पुसण्याचा डायलॉग केला. बटणांवर शब्द नव्हते; एक लाल, एक हिरवे. लाल-हिरवा फरक न कळणाऱ्या एका विद्यार्थ्याने नोंदी ठेवण्यासाठी बटण दाबले आणि नोंदी पुसल्या गेल्या. कोडमध्ये चूक नव्हती. सगळा अर्थ एकट्या रंगावर सोपवला होता, ही चूक होती.

कृती
1. रंगाचे नियम सीएसएसमध्ये लिहा. ते जीटीकेच्या सीएसएस प्रोव्हायडरमध्ये भरा आणि प्रोव्हायडर स्क्रीनला जोडा. जोडताना 'अ‍ॅप्लिकेशन' प्राधान्य द्या. त्याचे मूल्य 600 आहे.
2. नियम फक्त आपल्याच बटणाला लागावा म्हणून त्या विजेटला नाव द्या आणि सीएसएसमध्ये त्या नावाआधी # लिहा. नुसते 'बटन' लिहिले, तर प्रोग्रॅममधील सगळीच बटणे रंगतील.
3. आता पार्श्वभूमीचा व अक्षरांचा रंग लिहा.

बॅकग्राउंड ओव्हरराइड करणारी जुनी फंक्शने अनेक उदाहरणांत दिसतात. ती 3.16 पासून कालबाह्य ठरवली आहेत, वापरू नका.

"सर, रंग बदलतच नाही!"
हा प्रश्न दरवर्षी येतो. बहुतेक वेळा थीमने बटणावर रंगछटांचे चित्र घातलेले असते. आपला रंग लागलेला असतो, पण त्या चित्राखाली झाकला जातो. म्हणून बॅकग्राउंड-इमेज 'नन' करा. तसेच माउस वर आल्यावर, बटण दाबल्यावर आणि ते निष्क्रिय असताना लागणारे नियमही वेगळे लिहा. नाहीतर आपला नियम थीमच्या नियमांवर मात करतो आणि त्या सगळ्या स्थितींत बटणाचा रंग सारखाच राहतो.

रंग कोणता निवडावा?
साध्या मजकुरासाठी अक्षरे व पार्श्वभूमी यांचे उजळपणाचे गुणोत्तर किमान 4.5 : 1 असावे, असे डब्ल्यूसीएजीची एए पातळी सांगते. पांढऱ्यावर शुद्ध लाल (255, 0, 0) घेतल्यास ते सुमारे 4 येते, म्हणजे अपुरे. गडद लाल (192, 0, 0) घेतल्यास सुमारे 6.5 येते.

आणखी एक धोका आहे. 600 हे प्राधान्य थीमपेक्षा वरचे असल्याने, कमी दिसणाऱ्या व्यक्तीने हाय कॉन्ट्रास्ट थीम निवडली तरी आपले पक्के रंग तिच्यावर मात करतात. म्हणून शक्य तिथे रंगाचा आकडा न लिहिता थीमने दिलेली रंगनामे वापरा. पुसण्याच्या बटणाला 'डिस्ट्रक्टिव्ह-अ‍ॅक्शन' हा तयार वर्ग द्या. मग रंग थीमच ठरवते. वापरकर्त्याच्या स्वतःच्या सीएसएस फाइलचे प्राधान्य 800 असते, म्हणजे शेवटचा शब्द त्याचाच राहतो. तो तसाच राहू द्या.

लक्षात ठेवा: रंग शब्दाच्या मदतीला असतो, त्याच्या जागी नाही. बटणावर 'पुसा' आणि 'ठेवा' लिहाच.

स्वाध्याय
1. आपला डायलॉग हाय कॉन्ट्रास्ट थीममध्ये उघडा आणि न वाचता येणारे घटक नोंदवा.
2. पडद्याचे चित्र कृष्णधवल करून पाहा. कोणते बटण कशाचे हे तरीही कळते का?